कोलोनमध्ये सहकाऱ्यांसोबत कामानंतरची संध्याकाळ: बेत कसा आखावा?

कोलोनची नवखी

नमस्कार. गेल्या ऑक्टोबरच्या 1 तारखेला मी जर्मनीतील कोलोनमधील एका अभियांत्रिकी कंपनीत रुजू झाले आणि या मार्चअखेर माझा सहा महिन्यांचा परीक्षाकाळ, म्हणजे प्रोबेत्साइट, पूर्ण होत आहे. आमच्या गटप्रमुखांनी परवा बोलता बोलता सुचवले की, आता गटासाठी एखादी संध्याकाळ मीच आखावी. मला हे मनापासून करायचे आहे, कारण पहिल्या दिवसापासून या लोकांनी मला फार सांभाळून घेतले आहे. मात्र असा बेत मी आजवर कधी आखलेला नाही आणि अडचणी बऱ्याच दिसतात.

आम्ही अकराजण आहोत. मी मद्य घेत नाही आणि शाकाहारी आहे, अंडे मात्र चालते. आणखी एक सहकारी मद्य घेत नाहीत. त्याचे कारण मी विचारलेले नाही आणि विचारणारही नाही. दोघांची मुले लहान असल्यामुळे त्यांना आठपर्यंत निघावे लागते, तर तीन-चार तरुण मंडळींना जेवणानंतरही रात्री पुढे कुठेतरी जायचे असते. गुरुवार, 2 एप्रिल 2026 ही तारीख माझ्या मनात आहे. निमंत्रणाच्या मेलचा मसुदा तयार असून त्यात मी ‘इश लाडे ऑइश आइन’, म्हणजे मी तुम्हा सर्वांना बोलावते आहे, असे लिहिले आहे. मेल पाठवण्यापूर्वी जागा, वेळ आणि बिल या तिन्ही बाबतींत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

एरेनफेल्डकर

नमस्कार, ताई. मी नऊ वर्षांपासून या शहरात आहे आणि असे बेत अनेकदा आखले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अकरा जणांच्या मिश्र गटासाठी पहिली पसंती ब्राउहाउसला द्यावी, म्हणजे क्योल्श बिअर देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भोजनगृहाला. तिथे लांब लाकडी मेजे असतात, जेवणही मिळते आणि कोणी लवकर उठून गेले तरी बैठक मोडत नाही. कॅथेड्रलजवळचे 1904 साली सुरू झालेले फ्र्यू मध्यवर्ती स्थानकापासून चालत काही मिनिटांवर आहे, त्यामुळे उपनगरांतून येणाऱ्यांना ते सोयीचे पडते. फ्रीझेन श्ट्रासेवरचे पेफगेन 1883 पासूनचे आहे आणि तिथे बिअर आजही लाकडी पिंपातून काढून देतात. माझे स्वतःचे मत पेफगेनच्या बाजूने आहे, कारण तिथे स्थानिक लोक अधिक दिसतात.

तिथली वाढण्याची रीत आधी समजून घ्या, कारण न पिणाऱ्या माणसाची पंचाईत तिथेच होते. क्योल्श फक्त 0.2 लिटरच्या उभट, अरुंद ग्लासात येते. ती वाढणाऱ्याला क्योबेस म्हणतात. ग्लास रिकामा दिसला की तो न विचारता भरलेला ग्लास ठेवतो आणि तुमच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलने एक रेघ ओढतो; शेवटी त्या रेघा मोजूनच बिल होते. आपल्याकडे पंगतीत पानावर हात आडवा धरेपर्यंत वाढपी वाढत राहतो, तसेच हे आहे. इथे हाताऐवजी ती चकती ग्लासावर ठेवायची, म्हणजे तो थांबतो. कोणाला दोनच प्यायच्या असतील तर दुसरा ग्लास संपताच चकती वर ठेवावी. एवढ्याने काम भागते आणि कोणाला काही स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. हे नव्या सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. क्योबेस थोडा फटकळ बोलतो आणि सर्वांना ‘तू’ म्हणतो. ती तिथली परंपरा आहे, अपमान नव्हे.

आपण आणि आपले दुसरे सहकारी यांच्यासाठी बिनमद्याचे पर्याय भरपूर असतात. सफरचंदाचा रस आणि सोडा यांचे आप्फेलशोर्ले सर्वत्र मिळते, फासब्राउझ नावाचे माल्टचे गोडसर पेय बऱ्याच ठिकाणी असते आणि बिनमद्याची क्योल्शही मिळते. जर्मन कायद्यानुसार मद्य विकणाऱ्या प्रत्येक जागी किमान एक बिनमद्याचे पेय सर्वांत स्वस्त मद्यापेक्षा महाग नसावे लागते, त्यामुळे न पिणाऱ्यावर जास्त खर्चाचा भार पडत नाही. साधे पाणीही मात्र बहुधा बाटलीतले आणि विकतचेच असते. ते फुकट मिळेल असे गृहीत धरू नका.

खाण्याच्या यादीतली नावे फसवी असतात. ‘हाल्व्हे हान’ म्हणजे शब्दशः अर्धा कोंबडा, पण प्रत्यक्षात तो राय धान्याचा पाव, गौडा चीजचा जाड काप, मोहरीची चटणी आणि कांदा असा शुद्ध शाकाहारी पदार्थ आहे. उलट ‘क्योल्शे काव्हियार’ या नावाखाली रक्ताचे सॉसेज येते, आणि ‘हिम्मेल उन एएट’मध्ये बटाटा आणि सफरचंद असले तरी सोबत तेच सॉसेज असते. बटाट्याची रायबेकुखेन ही धिरडी सफरचंदाच्या मुरंब्यासोबत देतात. त्यांत अंडे असते, पण आपल्याला ते चालते. बटाट्याच्या सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असण्याची शक्यता असते, म्हणून ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

मेज आजच राखून ठेवा आणि वेळ सहाची लिहा. सहा म्हणजे सहाच. साडेसहाला आलेला यजमान इथे शोभत नाही.

पगारपत्रकवाली

एरेनफेल्डकरांनी जागेबद्दल उत्तम लिहिले आहे. मी एका कंपनीच्या पगार विभागात काम करते, म्हणून बिलाबद्दल लिहिते. ताई, तो मसुदा आहे तसा कृपया पाठवू नका.

जर्मनमध्ये ‘आइनलाडेन’ या क्रियापदाचा व्यवहारातला अर्थ ‘खर्च माझा’ असा होतो. मराठीत आपण ‘या, भेटू’ म्हणून बोलावतो तेव्हा पैशांचा विषय निघतही नाही. इथे मात्र त्या एका शब्दामुळे अकरा जणांच्या जेवणाचे आणि पिण्याचे संपूर्ण बिल आपल्यावर येईल, आणि सहकारी ते अत्यंत निर्मळ मनाने स्वीकारतील. माझ्या पहिल्या नोकरीत मी अगदी हेच लिहिले होते आणि त्या महिन्यात घरभाडे भरताना मला पदरमोड करावी लागली. कोणाचाच दोष नव्हता. शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता, एवढेच.

आता तीन स्वतंत्र गोष्टी लक्षात घ्या. नव्या माणसाने रुजू झाल्यावर किंवा परीक्षाकाळ संपल्यावर सहकाऱ्यांना काही लहानसे देण्याची प्रथा आहे, तिला आइनश्टांट म्हणतात. त्यासाठी कचेरीतच सकाळी केक किंवा घरचे काही नेले तरी पुरते, आणि माझ्या मते ते संध्याकाळच्या बेतात मिसळूच नये. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येकाने आपापले द्यायची संध्याकाळ. तिच्यासाठी मेलमध्ये ‘प्रत्येकजण आपापले बिल देईल’ हे एक वाक्य स्पष्ट लिहावे. बिल मागितल्यावर ‘एकत्र की वेगवेगळे’ असे विचारतात, तेव्हा ‘गेट्रेंट’, म्हणजे वेगवेगळे, म्हणावे. अकरा वेगवेगळी बिले करताना वाढपी कुरकुरत नाही, कारण रेघा ज्याच्या त्याच्या चकतीवर असतात. बक्षिशी म्हणून पाच ते दहा टक्के धरून रक्कम पुढच्या पूर्ण आकड्यापर्यंत नेतात आणि पैसे देतानाच तो आकडा सांगतात. थोडी रोकड जवळ असू द्यावी, कारण सगळीकडे कार्ड चालेलच असे नाही.

तिसरा मार्ग म्हणजे कंपनीने खर्च करणे. गटप्रमुखांनी स्वतः सुचवले असेल तर हे विचारायला संकोच करू नका. कर्मचाऱ्यांच्या सामाजिक कार्यक्रमासाठी दर माणशी 110 युरोपर्यंतचा खर्च वर्षातून दोनदा करमुक्त धरला जातो, मात्र कार्यक्रम त्या विभागातील सर्वांना खुला असला पाहिजे. याला आणखी एक महत्त्वाची बाजू आहे. व्यवस्थापनाच्या संमतीने ठरलेल्या कार्यक्रमाला कामावरच्या अपघात विम्याचे संरक्षण मिळते. चार मित्रांनी परस्पर ठरवलेल्या फेरफटक्याला ते मिळत नाही.

कोलोनची नवखी

आपणा दोघांचे मनापासून आभार. ‘आइनलाडेन’बद्दल वाचून मी मसुदा तातडीने बदलला. गटप्रमुखांना आज विचारले, तेव्हा जेवणाचा खर्च कंपनी करेल आणि पेये ज्याची त्याने घ्यावीत, असे ठरले. आता रात्रीचा भाग उरतो. तरुण सहकारी म्हणतात की जेवणानंतर क्लबमध्ये जाऊ. त्यांना नाही म्हणावेसे वाटत नाही, पण पहिल्याच बेतात रात्री दोनपर्यंत सर्वांची जबाबदारी घेण्याचेही धैर्य होत नाही.

डॉइट्झवासी

आधी तारखेबद्दल लिहितो, कारण वरच्या दोन्ही उत्तरांत ती सुटली आहे. 2026 मध्ये ईस्टरचा रविवार 5 एप्रिलला येतो, म्हणजे 2 एप्रिल हा गुड फ्रायडेच्या आदला गुरुवार आहे. या राज्यात त्या गुरुवारी संध्याकाळी सहापासून शनिवारी सकाळी सहापर्यंत सार्वजनिक नृत्यावर कायद्याने बंदी असते, त्यामुळे क्लबचा विचार त्या रात्री करताच येणार नाही. शिवाय चार दिवसांच्या सुट्टीसाठी अर्धे लोक दुपारीच गाड्या पकडतात. शाळांना ईस्टरची सुट्टी असल्यामुळे लहान मुलांचे पालक त्याच्या पुढच्या आठवड्यातही गावी नसण्याची शक्यता आहे. 16 एप्रिलचा गुरुवार घ्या. लोकांच्या दिनदर्शिका इथे आधीच भरलेल्या असतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांची मुदत तशीही आवश्यकच आहे.

दिवस म्हणून गुरुवारच चांगला. शुक्रवारी सहकाऱ्यांना घर हवे असते आणि ते रास्तच आहे.

रात्रीच्या भागाबद्दल माझे मत वरच्यांपेक्षा थोडे वेगळे आहे. सर्व अकरा जणांना एकाच भोजनगृहात पाच तास बसवणे मला योग्य वाटत नाही. ब्राउहाउसमध्ये गोंगाट इतका असतो की मेजाच्या दोन टोकांना बसलेल्यांचे बोलणे होत नाही, आणि न पिणाऱ्या माणसाला दोन तासांनंतर तिथे कंटाळा येतोच. म्हणून सहाला जेवण सुरू करा आणि आठला ज्यांना जायचे आहे त्यांचा निरोप घ्या. मग उरलेल्यांनी होहेनत्सोलर्न पुलावरून चालत राइन नदीपलीकडे डॉइट्झच्या काठावर यावे. तिथे राइनबुलेव्हारच्या रुंद पायऱ्या थेट नदीकडे तोंड करून आहेत आणि समोर कॅथेड्रल व जुन्या शहराची सगळी ओळ दिसते. एप्रिलच्या मध्यावर सूर्यास्त आठ वाजून गेल्यानंतर होतो, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा आकाशात उजेड शिल्लक असेल. वाटेत ब्यूडशेन, म्हणजे इथली कोपऱ्यावरची टपरी, लागली तर ज्याला जे हवे ते घेता येते: बिअर, लिंबूपाणी, चॉकलेट. हातात काय आहे हे तिथे कोणी पाहत नाही. माझे वडील पुण्याहून आले होते, त्यांना मी त्या पायऱ्यांवर नेले होते. ते तासभर एक शब्द न बोलता बसले, आणि शहर बघितले असे त्यांनी घरी फोनवर सांगितले ते त्याच संध्याकाळबद्दल. हे या प्रश्नाशी थेट संबंधित नाही, पण जागा कशी आहे ते यावरून कळेल. पाऊस असला तर बेल्जियन वस्ती नावाच्या भागालगतच्या श्टाटगार्टनमध्ये जा. तिथे जॅझच्या मैफली होतात.

क्लबचा बेत गुरुवारी ठेवूच नका. तो इच्छुकांनी एखाद्या शनिवारी वेगळा ठरवावा आणि तो कचेरीचा कार्यक्रम नाही हे सर्वांना माहीत असावे. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री ट्राम उशिरापर्यंत सोयीच्या असतात. इतर वारी मध्यरात्रीनंतर फेऱ्या विरळ होतात आणि पहाटेपर्यंत खंड पडतो. क्लबच्या दारावर मूळ ओळखपत्र मागतात, म्हणून पासपोर्ट किंवा निवासाचे कार्ड सोबत ठेवावे, आणि दहाजणांच्या घोळक्यापेक्षा तिघे-चौघे असे जावे. विद्यार्थ्यांची गर्दी त्स्युलपिशर श्ट्रासेवर असते. मला ती गल्ली आता फार दाटीची वाटते.

घरी परतण्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. मोटार चालवणाऱ्यासाठी रक्तातील मद्याची मर्यादा 0.5 प्रोमिल, म्हणजे दर हजारी 0.5 भाग, आहे, आणि ज्याचा वाहन परवाना नवा असून दोन वर्षांचा परीक्षाकाळ चालू आहे त्याच्यासाठी ती शून्य आहे. भाड्याच्या विजेच्या स्कूटरला मोटारीचेच नियम लागू होतात, हे अनेक तरुणांना ठाऊक नसते. सायकलची मर्यादा 1.6 असली तरी चूक घडली किंवा अपघात झाला, तर त्याहून कमी प्रमाणातही गुन्हा ठरू शकतो. जवळजवळ प्रत्येकाकडे 63 युरोंचे डॉइचलांटटिकेट, म्हणजे स्थानिक वाहतुकीचा मासिक पास, असतेच. मग सर्वांना ट्रामनेच यायला सांगा आणि तसे मेलमध्येच लिहा.

पगारपत्रकवाली

डॉइट्झवासींचे तारखेबद्दलचे म्हणणे अगदी बरोबर आहे, ते माझ्या लक्षात यायला हवे होते. एकच भर घालते. या राज्यात 2013 पासून भोजनगृहांत धूम्रपान पूर्ण बंद आहे, त्यामुळे धूम्रपान करणारे बाहेर फुटपाथवर जमतात. रात्री दहानंतर शांततेचा नियम असतो आणि बेल्जियन वस्तीतल्या ब्र्युसेलर प्लात्सवरच्या गोंगाटाविरुद्ध रहिवाशांनी न्यायालयात वर्षानुवर्षे लढा दिला आहे. तिथे गेलात तर दहानंतर आत बसा.

कोलोनची नवखी

आज पेफगेनमध्ये 16 एप्रिलला संध्याकाळी सहासाठी अकरा जणांचे मेज राखून ठेवले. मेलमध्ये पाच गोष्टी लिहिल्या: जेवण कंपनीचे, पेये ज्याची त्याची, आठला निघणाऱ्यांनी निःसंकोच निघावे, त्यानंतर राइनकाठी चालत जाऊ, आणि सर्वांनी ट्रामने यावे. पहिले उत्तर दहा मिनिटांत आले. ते मद्य न घेणाऱ्या सहकाऱ्यांचेच होते, आणि नदीपर्यंत आपण नक्की येणार असे त्यांनी लिहिले आहे. 1 एप्रिलला सकाळी कचेरीत आइनश्टांटसाठी नारळाच्या वड्या नेणार आहे. त्यात मेवा घातला तर कोणाला त्याची अॅलर्जी असेल का, हे आधी विचारण्याची इथे पद्धत आहे का?

एरेनफेल्डकर

हो, विचारावे. वड्यांच्या डब्याशेजारी घटकांची चिठ्ठी लावून ठेवली तरी चालते. आमच्याकडे सगळे तसेच करतात.