नैराश्याचं मूळ पोटात असतं का?

वांगीभात:
धाकट्या जावेला गेल्या वर्षापासून नैराश्याची गोळी चालू आहे. परवा मामेसासऱ्यांनी घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला: 'मूडशी जोडलेलं सेरोटोनिन हे रसायन नव्वद टक्के पोटात तयार होतं. सगळा खेळ आतड्यातल्या जिवाणूंचा. गोळ्या सोडा, ताक प्या.' सगळ्यांनी हसून सोडून दिलं, मला मात्र ते उडवून लावता येईना. बेल्जियममधल्या १,०५४ लोकांच्या शौचाच्या नमुन्यांचा अभ्यास २०१९ साली आला. नैराश्य असलेल्यांत कोप्रोकोकस आणि डायलिस्टर हे जिवाणू कमी होते, औषधांचा परिणाम वजा करूनही. मग आपले मनाचे डॉक्टर पोटाची चौकशी का करत नाहीत? जावेला तर वर्षभरात एकदाही कुणी विचारलं नाही.

तिरकस:
जिवाणू कमी म्हणून माणूस खचला, की खचलेला माणूस धड जेवत नाही म्हणून जिवाणू कमी? बाबा गेल्यावर आमची आई चार महिने चहा-खारीवर होती. ताटातली भाजी तशीच वाळून जायची. तेव्हा तिचा नमुना घेतला असता तर त्यातही काहीतरी 'कमी' निघालंच असतं.
आणि ते नव्वद टक्क्यांचं खरं आहे, पण पोटातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. आतडी हलती ठेवणं वगैरे कामं तिथल्या तिथे करतं. फॉरवर्डवाले हे बरं सोयीस्कर विसरतात.

वांगीभात:
शिरत नाही, मान्य. पण निरोप पोचवायला व्हेगस नस आहे ना, थेट पोटापासून मेंदूपर्यंत? आयर्लंडच्या कॉर्कमधला २०११ चा उंदरांवरचा प्रयोग बघा. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस हा जिवाणू खाऊ घातलेले उंदीर पाण्यात सोडल्यावर इतरांपेक्षा जास्त वेळ हातपाय मारत राहिले, म्हणजे लवकर हार मानली नाही. ती नस कापल्यावर फरक गायब! हे काय चहा-खारीमुळे झालं?

तिरकस:
पुढचा अंक वाचला नाहीत वाटतं. कॉर्कच्याच मंडळींनी तोच जिवाणू २९ निरोगी पुरुषांना चार आठवडे दिला. ताण, स्मरणशक्ती, कशातच फरक नाही. २०१७ साली त्यांनी स्वतःच तसं छापलं, याबद्दल त्यांना सलाम. उंदीर पोहत राहिला म्हणजे माणूस उठून कामाला लागेल, असं नसतं हो ताई.

वांगीभात:
निरोगी माणसांना देऊन काय कळणार? ताप नसलेल्याला क्रोसिन देऊन ताप उतरला का बघण्यासारखं झालं.

तिरकस:
हे मात्र बिनतोड. एक गुण तुम्हाला.

गोळीवर_आहे:
मी नावाप्रमाणेच. दोन वर्षांपूर्वी असाच एक लेख वाचून गोळी मनाने बंद केली. चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, जिना उतरताना कठडा धरावा लागे. तेव्हा तो 'सोडा' शब्द कृपया कुणी पुढे पाठवू नका.
आहाराचं मात्र मला पटतं. ऑस्ट्रेलियात २०१७ साली ६७ जणांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. भाज्या, डाळी, मासे, ऑलिव्ह तेल असा आहार शिकवलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, नुसत्या गप्पांचा आधार मिळालेल्यांत ८ टक्के. पण बहुतेकांचे आधीचे उपचार सुरूच होते. शिवाय आपण कुठल्या गटात आहोत हे खाणाऱ्याला कळतंच. आणि फरक डाळींनी पडला की जिवाणूंनी, तेही त्यावरून सांगता येत नाही.
ता.क. इडली आंबवलेली म्हणून जिवाणू मिळतात असं समजणाऱ्यांनी कुकरचं झाकण उघडून बघा. वाफेत सगळे स्वर्गवासी.

तिरकस:
इडलीला तरी सोडा रे!

वांगीभात:
जावेची गोळी चालूच आहे, मी सोडायला सांगितलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की कुणीतरी पोटाचं विचारावं. तिला सहा महिने बद्धकोष्ठ आहे, इसबगोल घेऊन दिवस काढतेय.

गोळीवर_आहे:
अहो, तो गोळीचाही परिणाम असू शकतो. डॉक्टरांना सांगितलंय का तिने?

वांगीभात:
आत्ता फोन करून विचारलं. म्हणाली, 'मनाच्या डॉक्टरला ते काय सांगायचं?'