भाजल्यानंतर चालायला शिकताना अंगावर घालायचा रोबोट: कुणाचा अनुभव आहे का?

ओलीपायवाट

नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. पाच महिन्यांपूर्वी आगीत त्याचे दोन्ही पाय मांडीपासून घोट्यापर्यंत भाजले. दोनदा त्वचारोपण झालं. जखमा बहुतेक भरल्यात, उजव्या पोटरीवर नाण्याएवढी एक जागा अजून ओलसर आहे. वॉकर धरून वीस-पंचवीस पावलं टाकतो, पण उजवी टाच जमिनीला लागतच नाही, चवड्यावर चालतो. डावा गुडघाही पुरता सरळ होत नाही. पुनर्वसन केंद्रात अंगावर चढवायचा रोबोट आहे, त्यावर चालवून बघू असं तिथल्या लोकांनी सुचवलंय. भाऊ एकदम उत्साहात आहे. मला मात्र त्या पट्ट्यांची धास्ती वाटते, कारण नव्या कातडीला नुसती चादर घासली तरी फोड येतो. हो म्हणावं का? म्हणायचं तर आधी काय काय विचारून घ्यावं?

फिजिओ_११

ताई, मी अकरा वर्षं भाजलेल्या रुग्णांबरोबर काम करते, त्यातली शेवटची तीन वर्षं रोबोटसह. थोडं सविस्तर लिहिते.

रोबोट आकसलेली कातडी सैल करत नाही. मोटरच्या जोरावर तो पाय ठरलेल्या चालीने हलवतो आणि ती चाल सांध्यात आधीपासून असावी लागते. पाऊल जमिनीवर असताना शरीर त्याच्यावरून पुढे जातं, तेव्हा घोटा साधारण १० अंश वर वाकायला हवा. पाय उचलून पुढे टाकताना गुडघा ६० अंशांच्या आसपास वाकतो. तुमच्या भावाचा घोटा वाकत नसेल तर मोटरचा जोर दुसरीकडे जाणार: गुडघा मागे ढकलला जाईल, टाच बुटात वर सरकेल आणि पट्टा कातडीवर घासेल. म्हणून रोबोटचं ठरवण्याआधी घोटा किती अंश वाकतो ते मोजून घ्या.

घरीही एक गोष्ट पाहता येते. त्याला स्वतःहून पाऊल वर ओढायला सांगा. मग तळव्याखाली हात ठेवून तुम्ही अलगद वर करा. हाताने वर येतं पण त्याचं त्याला येत नसेल, तर गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने जाणारी नस दबली असण्याची शक्यता आहे. फार दिवस झोपून राहिलेल्यांत किंवा घट्ट ड्रेसिंगमुळे असं होतं. हातानेही येत नसेल आणि ताणताना व्रण पांढराफटक पडत असेल, तर कातडी आखडलीय. पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी शीरही आखूड झालेली असू शकते. दोन्हींचे उपाय वेगळे. नसेसाठी स्प्लिंट, म्हणजे पाऊल नीट स्थितीत धरून ठेवणारा आधार, लागतो. आखडलेल्या घोट्यासाठी ताण, रात्रीचा स्प्लिंट, दर काही दिवसांनी कोन वाढवत घातलेलं प्लास्टर, आणि तेवढ्याने भागलं नाही तर शस्त्रक्रिया.

ओल्या जागेवर पट्टा येत असेल तर ती भरेपर्यंत थांबा. यात मी तडजोड करत नाही.

ओलीपायवाट

मॅडम, आत्ताच करून पाहिलं. हातानेही पाऊल वर येत नाही आणि घोट्याच्या मागची पट्टी खरंच पांढरी पडते. इतके दिवस मला वाटत होतं की तो भीतीने टाच टेकवत नाही.

दुसरी_चाल

मी स्वतः भाजलो होतो, दोन्ही मांड्या आणि डावी पोटरी. सात महिन्यांनी रोबोटवर चढलो. तुम्ही नक्की विचार करा, पण घाई नको.

मला सर्वात मोठा फायदा झाला तो भीती जाण्याचा. पाय खाली सोडला की रक्त उतरून कातडी जांभळी पडायची, आतून हजार सुया टोचल्यासारखं व्हायचं, आणि मी दोन पावलांत बसायचो. रोबोटमध्ये वजन तोलून धरलेलं असतं, पडणार नाही याची खात्री असते, त्यामुळे सलग वीस मिनिटं उभा राहू शकलो. त्या वीस मिनिटांत जेवढी नीट पावलं पडली तेवढी वॉकरवर आठवड्यात पडली नसती. स्नायू पार वितळून गेले होते, मोठ्या भाजण्यात शरीर स्वतःचे स्नायूच जाळत असतं म्हणे. ते परत यायला मोजून-मापून घेतलेल्या या श्रमांनी मदत झाली.

आता बिघडलं ते. तिसऱ्या दिवशी मांडीच्या पट्ट्याखाली आडवा वळ उठला. मला जाणवलाच नाही, कारण ग्राफ्टवर, म्हणजे रोपण केलेल्या कातडीवर, संवेदना कमी. यंत्र उतरवून सगळे पुढच्या कामाला लागले, मीही कपडे चढवले. संध्याकाळी तिथे पाण्याने टम्म भरलेला फोड. बारा दिवस पट्टा लावता आला नाही. त्यानंतर मी नियमच केला: यंत्र उतरलं की आरसा घेऊन प्रत्येक पट्ट्याखालची जागा बघायची, पंधरा मिनिटांनी परत बघायची. सावळ्या कातडीवर लाली पटकन कळत नाही. हाताची मागची बाजू लावून गरम लागतंय का, चकाकी किंवा कडकपणा आलाय का ते बघा.

फिजिओ_११

हे फार मोलाचं लिहिलंत. त्या फोडामागचं कारणही सांगते. आपला गुडघा बिजागरीसारखा एकाच आसावर फिरत नाही, त्याचा आस किंचित सरकतो. यंत्राचा सांधा मात्र एका जागी. दोन्ही नीट जुळवले नाहीत तर प्रत्येक पावलाला पट्टा कातडीवर वर-खाली होतो. हजार पावलं म्हणजे हजार घासे. साध्या कातडीला चालतं, ग्राफ्टला नाही. तेव्हा पहिल्या दिवशी चालण्यापेक्षा मापं घेण्यात जास्त वेळ गेला तर कुरकुर करू नका, ते चांगल्या केंद्राचं लक्षण आहे.

आणि उभं करण्याआधी पायाच्या बोटांपासून वरपर्यंत लवचीक बँडेज हवंच, जांभळं पडणं आणि टोचणं त्याने बरंच कमी होतं. उभं राहिल्यावर एका जागी खिळून राहायचं नाही, वजन या पायावरून त्या पायावर घेत राहायचं.

यंत्रवेडा

यंत्र कोणतं आहे तेही विचारा, कारण सगळी एका प्रकारची नसतात. लोकोमॅटमध्ये माणूस झेल्यात (पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये) टांगलेला असतो आणि खाली ट्रेडमिल फिरतो. झेल्याचे पट्टे जांघेतून आणि कमरेवरून जातात, तिथे ग्राफ्ट असेल तर अडचण. एक्सो किंवा रीवॉकसारखी यंत्रं अंगावर चढवून जमिनीवर चालायचं असतं, त्यात मांडी, नडगी आणि पाऊल बांधलं जातं. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातल्या योशियुकी सांकाई यांचं हॅल आणखी वेगळं: कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूंचे विद्युत संकेत वाचतं. जाड व्रणावर किंवा नाजूक ग्राफ्टवर रोज चिकटपट्टी लावणं-काढणं जमेल का, हा प्रश्न तिथे आधी येतो.

ही यंत्रं मुळात भाजलेल्यांसाठी बनलेली नाहीत. अमेरिकेत रीवॉकला २०१४ मध्ये मणक्याच्या दुखापतीसाठी परवानगी मिळाली, एक्सोला २०१६ मध्ये पक्षाघात आणि मणक्याच्या दुखापतीसाठी. भाजलेल्या पायांवरचं काम प्रामुख्याने दक्षिण कोरियात झालंय. सोलच्या हांगांग सेक्रेड हार्ट हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी त्यावर अभ्यास प्रसिद्ध केले आहेत. तिथेही नेहमीची फिजिओथेरपी चालूच ठेवली होती, रोबोट तिच्या जोडीला होता. तुमच्या केंद्राने 'आता व्यायामाची गरज नाही, रोबोट आहे' असं म्हटलं तर मी तरी तिथे भावाला पाठवणार नाही.

दुसरी_चाल

शंभर टक्के सहमत. आणि सुरुवातीलाच सहा मिनिटांत किती मीटर चालतो ते मोजून लिहून ठेवायला सांगा, दर दोन-तीन आठवड्यांनी परत मोजा. माझा आकडा महिनाभर हललाच नाही तेव्हा मीच हटून बसलो, मग पट्टे आणि वेग बदलला.

ओलीपायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आज केंद्रात जाऊन आलो. मी कागदावर प्रश्न लिहूनच नेले होते. घोटा मोजला: वर वाकणं तर सोडाच, पाऊल १५ अंश खालीच अडकलंय. त्यांनी स्वतःच सांगितलं की आधी प्लास्टर, रोबोट नंतर. ओली जागाही तोवर भरेल. भाऊ हिरमुसला, येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी मात्र त्यानेच आरसा मागून घेतला आणि पोटरी बघत बसला.

एकच शंका राहिली. तो दिवसातले २३ तास प्रेशर गारमेंट (व्रणावर दाब देणारा घट्ट कपडा) घालतो. रोबोटच्या वेळी ते काढायचं की ठेवायचं?

फिजिओ_११

ठेवायचं. कातडी आणि पट्टा यांच्यामध्ये तो एक थर मिळतो. फक्त शिवण पट्ट्याखाली येऊ देऊ नका, चुणी पडली तर चालणं थांबवून सरळ करा, आणि वर मऊ पॅड लावून घ्या. ग्राफ्टला घाम येत नाही त्यामुळे अंग लवकर तापतं, तेव्हा गार खोली आणि मधे विश्रांती मागून घ्या. भावाला सांगा, प्लास्टर निघालं की घोट्याचा कोन इथे लिही. मी वाट बघतेय.