मदत हवी आहे : पश्चिमेच्या खोलीसाठी मोरपंखी रंग की मोतिया?

नमस्कार मंडळी,

जळगावच्या आमच्या घरात आईची खोली रंगवायची आहे आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी येण्याआधी काम उरकायचे आहे. खोली १० बाय १२ फुटांची असून तिला एकच खिडकी आहे, तीही पश्चिमेला. भिंतींना लांबी (पुट्टी) भरून प्रायमरचा हात झाला आहे. अडले आहे ते छटेपाशी. आईला गडद मोरपंखी हवा आहे, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा तो डोळ्यांना गार वाटेल, असे ती म्हणते. माझा कल मोतिया रंगाकडे आहे.

खोली तापते ती स्लॅब आणि पश्चिमेची भिंत यांमुळे. आतल्या रंगाने त्यात फारसा फरक पडत नाही. त्यासाठी गच्चीवर पांढरा लेप देणारच आहोत, म्हणून येथे प्रश्न फक्त उजेडाचा आहे.

शेड कार्डावरच्या बोटभर तुकड्यावरून अंदाज येईना, म्हणून दोन्ही रंगांचे दोन-दोन फुटांचे नमुने भिंतींवर दोन हात देऊन लावून घेतले. सकाळी मोरपंखी जवळजवळ काळपट दिसतो, दुपारी चारनंतर त्याच्यावर उन्हाचा पट्टा आला की हिरवा झळकतो आणि रात्री पांढऱ्या ट्यूबलाइटखाली निळ्याकडे झुकतो. मोतिया मात्र दुपारी लोण्यासारखा मऊ पिवळसर आणि रात्री अगदीच पांढराफटक दिसतो. आई सकाळी पोथी वाचते, त्यामुळे तेव्हाचा उजेड कमी होणे मला पटत नाही.

तिचे मनही मोडायचे नाही, म्हणून तीन भिंती मोतिया आणि एकच मोरपंखी करावी, असे वाटते. खिडकीचीच भिंत गडद केली तर मधला लख्ख चौकोन अधिकच डोळ्यांवर येईल; समोरची केली तर दुपारची तिरीप शोषली जाईल, पण पलंग तिथेच असल्याने डोक्याच्या तेलाचे डाग गडद मॅट रंगावर उठून दिसतील, अशी भीती आहे.

पश्चिमेच्या खोलीत ज्यांनी असा गडद रंग दिला आहे, त्यांनी कृपया सांगावे : कोणती भिंत निवडली, डाग ओल्या फडक्याने पुसता यावेत म्हणून सॅटिन (किंचित तुकतुकीत) फिनिश घेतले असता दुपारी ते चकाकते का, आणि ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या दिव्याऐवजी ३००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा लावल्यास मोरपंखी कसा दिसतो? शक्य असल्यास सकाळचे आणि रात्रीचे छायाचित्रही द्यावे, म्हणजे ते आईला दाखवता येईल.