माशांचा थवा, कळप की उतरंड?

लाखांदूरहून: सातवीच्या मुलांसाठी प्रवाळातल्या माशांवर एक पाठ लिहिते आहे. वाक्य साधं आहे: पिल्लं कोणत्या ____त शिरायचं ते ठरवतात. त्या रिकाम्या जागेवर तीन दिवस अडले. हंबग डॅमसेल हा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा. पिल्लं सुमारे 3 आठवडे खुल्या समुद्रात काढतात, मग वासाच्या, आवाजाच्या मागावर प्रवाळाशी येतात. रिकाम्या प्रवाळापेक्षा आपल्या जातीचे मासे असलेला त्यांना बरा वाटतो. मोठ्या जमावात जिवाला धोका कमी, पण थोरले दाबतात, वाढ मंदावते. मी 'थवा' लिहिलं, तर आमचे एक सर म्हणाले, थवा पाखरांचाच.

वरुडहून: सर बरोबर आहेत. थवा आभाळात, कळप रानात. 'गोतावळा' लिहा, छान मराठी शब्द आहे.

साकोलीहून: ताई, आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर जाळं टाकणारे काका 'झुंड' म्हणतात. हिंदीतून आला म्हणून काय झालं, पाण्यात उतरणारा माणूस तोच बोलतो.

लाखांदूरहून: दादा, झुंड फिरती असते. हे एकाच प्रवाळाला धरून राहतात. आणि गोतावळ्यात नातं लागतं. क्लाऊनफिश घ्या, एका समुद्रफुलात (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, सी ॲनिमोन) राहणारे सहसा सख्खे नसतात, कारण प्रत्येक जण लहानपणी प्रवाहातून वेगळीकडून आलेला. सगळ्यात मोठी मादी, दुसरा नर, बाकीचे लहान होत गेलेले, पिल्लं न घालता नंबराची वाट पाहणारे.

वरुडहून: मग ही उतरंडच की! माह्या आजीच्या सैपाकघरात होती. खाली रांजण, वर मडकं, वर गाडगं. शब्दच उतर-हंडी आहे.

साकोलीहून: हंडी कुठून आणली? उतरत जाते म्हणून उतरंड, सरळ आहे. आणि खालचं मडकं काढलं तर उतरंड कोसळते. इथं मादी मेली की नरच मादी होतो, मागचा त्याची जागा घेतो, सगळे एक पायरी चढतात.

वरुडहून: कोसळणं हा मडक्यांचा दोष, शब्दाचा नाही. 'जातीची उतरंड' आपण म्हणतोच.

लाखांदूरहून: तेच नको वाटतं. सातवीची मुलं तेच आधी वाचतील.

साकोलीहून: ताई, आधी 'पिल्लं' बदला. माशाची ती बोटुकली.

वरुडहून: बोटुकली बोटाएवढी. ही नखाएवढी असतात, मत्स्यजिरे म्हणा.

साकोलीहून: जिरे त्याहून बारीक, अंड्यातून नुकतं निघालेलं. आमच्या तलावात दरसाल सोडतात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मधल्या मापाला काका काही तरी वेगळं म्हणतात, उद्या तलावाच्या पाळीवर जाऊन विचारतो.