मदत हवी आहे : माळव्यातील प्राचीन वसाहतींच्या नकाशावर कोरोना या जुन्या अमेरिकी हेर-उपग्रहांची चित्रे कशी बसवावीत?

नमस्कार. इंदूरहून लिहीत आहे. कायथा, नावडाटोली यांसारख्या माळव्यातील ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगडाची हत्यारे एकत्र वापरात असलेल्या काळातील) वसाहती पाण्यापासून किती अंतरावर आणि किती उंचीवर होत्या, हे दाखवणारा नकाशा क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये तयार करत आहे. नांगरटीमुळे आणि वाढत्या गावांमुळे पांढरीची टेकाडे (जुन्या वस्तीच्या मातीचे उंचवटे) सपाट होत चालली आहेत. म्हणूनच १९६० च्या दशकातील कोरोना उपग्रहचित्रे मला फार मोलाची वाटतात.

उंचीसाठी एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या रडार-मोजणीची ३० मीटर अंतराने उंची देणारी माहिती घेतली असून सर्व स्तर डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम ४३ उत्तर या एकाच प्रक्षेपात (पृथ्वीचा गोल पृष्ठभाग सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) आहेत, त्यामुळे घोळ तिथे नसावा. अडचण कोरोनाची आहे. तो कॅमेरा आडवा फिरत लांबट पट्टी टिपत असे, त्यामुळे टोकांकडे प्रतिमा विकृत होते. द्वितीय घाताचे बहुपदी रूपांतर (संपूर्ण प्रतिमा एकाच गणिती सूत्राने वाकवून बसवणे) वापरल्यावर पट्टीचा मध्य नीट जुळतो, पण टोकांना ओढे आणि रस्ते सरकलेले दिसतात. थिन प्लेट स्प्लाइनने (प्रतिमा जागोजागी वेगवेगळी ताणून बसवणाऱ्या पद्धतीने) नियंत्रण बिंदूंजवळ, म्हणजे प्रतिमेत आणि नकाशावर दोन्हीकडे ओळखता येणाऱ्या जागांजवळ, सुधारणा होते. मात्र बिंदू विरळ असतील तिथे प्रतिमा वाकते. जुनी देवळे, घाट आणि रेल्वेपूल हे बिंदू घेतले आहेत; पात्र बदलत असल्याने नदीकाठ मुद्दाम टाळला.

सशुल्क सॉफ्टवेअर वापरणे शक्य नाही, आणि स्थळांच्या सुरक्षिततेसाठी नेमके अक्षांश-रेखांश इथे देणार नाही. पट्टीचे लहान तुकडे करून प्रत्येकाचे स्वतंत्र भूसंदर्भीकरण करावे (तो नकाशावर योग्य जागी बसवावा), की कॅमेऱ्याची भूमिती विचारात घेणारे एखादे मोफत साधन वापरावे, आणि सपाट काळ्या रानात, जिथे देऊळही नाही, तिथे विश्वासार्ह नियंत्रण बिंदू कोणते धरावेत?