मदत हवी आहे: गांजा कायदेशीर, मग कामावरच्या लघवी तपासणीचं काय?

कॅलिफोर्नियात एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. आमचं ड्रग टेस्टिंगचं धोरण नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत १९६९ मध्ये जेमतेम १२ टक्के अमेरिकन गांजा कायदेशीर करा म्हणत होते, २०२३ मध्ये ७० टक्के. लोक बदलले, तपासणी तीच राहिली. लघवीत सापडतो तो शरीराने टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं रसायन, पचवून उरलेला घटक. तो नशा उतरल्यावरही कित्येक दिवस, रोज ओढणाऱ्यात तर कित्येक आठवडे दिसतो. त्यावरूनच आमच्या फोर्कलिफ्ट (माल उचलायची गाडी) चालवणाऱ्याची नोकरी गेली होती. दोन्ही हातांत हेल्मेट धरून तो माझ्यासमोर उभा होता, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

१ जानेवारी २०२४ पासून इथे बहुतेक नोकऱ्यांत निव्वळ त्या घटकावरून कारवाई करता येत नाही. ट्रकचालकांना मात्र केंद्राचेच नियम. पण फोर्कलिफ्टखाली कुणी सापडायलाही नको, ही धास्ती मलाही आहेच.

कुणी लाळेची चाचणी वापरली आहे का? कामावर नशेत असल्याचा संशय आला तर नोंद कशी करता, कोण करतं? मसुदा असेल तर कृपया पाठवा.