गणिताला कुठला आलाय रंग? – एका लेखाला उत्तर

फळ्याजवळची:
अमेरिकेतील शाळांनी वांशिक समतेच्या नावाखाली ‘संस्कृतीशी जोडलेले शिक्षण’ हे खूळ डोक्यात घेतले आहे, गणिताला रंग नसतो, तेव्हा शिक्षकाने गणित शिकवावे आणि संस्कृती घरच्यांवर सोडावी, असे ‘रोखठोक’ यांनी काल लिहिले. येथल्याच एका शाळेत मी चौदा वर्षे सहावी ते आठवीला गणित शिकवत असल्यामुळे मला गप्प राहवत नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी 1995 मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांची पहिलीच अट मुलाने अभ्यासात पुढे जाण्याची होती; आपल्या संस्कृतीत पाय रोवणे आणि अन्याय ओळखता येणे या अटी तिच्या जोडीने येतात. ज्या आठ यशस्वी शिक्षिकांचे वर्ग पाहून त्यांनी हे लिहिले, त्यांतील तीन गोऱ्या होत्या, म्हणजे हा कातडीचा खेळ नव्हे. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी लढलेले बॉब मोझेस यांनी 1982 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजला बीजगणित शिकवायला घेतले आणि पुढे मुलांना आधी रेल्वेतून फिरवले, मग प्रवासाचे चित्र काढायला लावले, तो त्यांच्याच शब्दांत सांगायला लावला, आणि एक स्थानक शून्य धरून दोन्ही दिशांची स्थानके धन-ऋण संख्या झाल्यावरच चिन्हे फळ्यावर आली.

रोखठोक:
बाई, आपण माझेच म्हणणे सिद्ध केलेत. रेल्वे ही कोणत्या वंशाची संस्कृती? त्या डब्यात कोणीही बसतो. मोझेस यांनी उत्तम गणित शिकवले, एवढाच त्याचा अर्थ. माझा अनुभव वेगळा आहे. भूमितीच्या तासाला माझ्या मुलीला ‘तुमच्या संस्कृतीतील आकृती’ आणायला सांगण्यात आले. न्यू जर्सीत जन्मलेल्या या मुलीने आयुष्यात रांगोळीची चिमूट धरलेली नव्हती, म्हणून रात्री अकरा वाजता व्हिडिओ पाहत ठिपके मी काढले. समता आली ती माझ्या कंबरदुखीच्या रूपाने.

शब्दवेल्हाळ:
रांगोळी राहू द्या. खरा प्रश्न भाषेचा आहे. कृष्णवर्णीय मुलाच्या घरच्या इंग्रजी बोलीत ‘ही बी वर्किंग’ (He be working) म्हणजे तो एरवी नेहमी कामावर असतो, आणि ‘ही वर्किंग’ (He working) म्हणजे तो या क्षणी काम करतो आहे. हा भेद प्रमाण इंग्रजीच्या क्रियापदात इतका सुटसुटीत दिसत नाही, तरीही शिक्षक दोन्ही वाक्यांवर लाल रेघ मारतात. मिशिगन राज्यातील ॲन आर्बरचे पालक यासाठी न्यायालयात गेले आणि 1979 मध्ये न्यायाधीशांनी, शिक्षकांना ही बोली ओळखून तिच्या आधारे वाचन शिकवता यावे, यासाठी शाळा मंडळाने पावले उचलावीत, असा आदेश दिला. ‘पानी’ म्हटल्यावर वर्ग हसला की मूल पुढे तोंडच उघडत नाही, हे मराठी माणसाला मी समजावून सांगावे काय?

रोखठोक:
हसणे वाईटच. पण नोकरीच्या मुलाखतीत समोरचा माणूस बोलीचे व्याकरण तपासत नाही, तो कानाला खटकले की नाव खोडतो. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या शाळा मंडळाने या बोलीला मान्यता देणारा ठराव केला आणि देशभर टिंगल झाली. ती टिंगल मुलांच्याच वाट्याला आली.

शब्दवेल्हाळ:
टिंगल ठराव न वाचणाऱ्यांनी केली! घरच्या बोलीचा आधार घेऊन प्रमाण इंग्रजी शिकवणे हेच त्याचे उद्दिष्ट होते. आपणही तो वाचलेला दिसत नाही.

रोखठोक:
मी काय वाचतो याची चौकशी आपण करू नये.

जुना हजेरीपट:
दोघांनीही आवाज खाली आणावा. मला मात्र वेगळीच सल आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या निकालाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला, पण त्यानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद करून तेथील हजारो शिक्षकांना घरी बसवण्यात आले. त्या मुलांना ओळखणारी माणसे आधी काढायची आणि मग उरलेल्यांना संस्कृतीची कार्यशाळा द्यायची, हा उलटा हिशेब कोणालाच का खटकत नाही?

रोखठोक:
हे मात्र मान्य. कार्यशाळांवरचा माझा राग आपण माझ्यापेक्षा चांगला मांडलात, याचे दुःख होते.

फळ्याजवळची:
डब्यात कोणीही बसतो हे खरे. पण त्या मुलांची वाट कोणत्या गाडीने जाते, हे मोझेस यांना ठाऊक होते आणि पाठ्यपुस्तकाला नव्हते. एक विचारते: आपल्या मुलीला त्या रांगोळीत सममितीचे अक्ष किती, ती किती अंशांतून फिरवल्यावर पुन्हा तशीच दिसते, असे काही विचारले का?

रोखठोक:
नाही. रंग छान आहेत, असे म्हणून शिक्षिकेने ती भिंतीवर लावली.

फळ्याजवळची:
मग लॅडसन-बिलिंग्ज यांची पहिलीच अट तेथे गळाली. त्याला मीही खूळच म्हणेन.

रोखठोक:
अक्षांचे विचारले असते, तर माझी तक्रार निम्मी झाली असती. निम्मीच, ठिपके तरीही मीच काढले होते.